प्रेमाला कामाला लावताना

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या आणि शालू यांच्यात धड बोलणंसुद्धा होत नाही. तो तिला वर्गात बघतो, रस्त्यावर लांबून बघतो, आणि काळ्या चिमणीच्या मागे गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. त्या चिमणीची राख अंगावर टाकली की मुलगी आपलीशी होते, असं त्याच्या डोक्यात बसलंय. प्रेमकथा म्हणावी तर एवढीच. पण ती काढून बघा. गावात डुक्कर धरावं लागणाऱ्या घरातल्या मुलाला शाळेतली पोरं बघतायत, ही लाज उरते. बघणाऱ्यांत शालूही आहे, ही धार जाते. शेवटी जब्या दगड उचलतो त्यामागे पिढ्यांचा अपमान आहे, आणि तो अपमान त्या एका दिवशी असह्य होतो याला शालू कारण आहे.

कादंबरी लिहिणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: प्रेमाची पानं कमी करा, म्हणजे ते मुख्य कथेवर चढणार नाही. सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. चार पानांचं प्रेमप्रकरण तीनशे पानांच्या कादंबरीचा विचका करू शकतं, आणि पानोपानी असलेलं प्रेम मुख्य कथेच्या पुढे एक पाऊलही न टाकता तिला बळ देऊ शकतं. फरक पडतो तो प्रेमाला कथेत काही काम आहे की नाही यानं. बिनकामाचं प्रेम थोडं असलं तरी जागा अडवतं. म्हणून पानं मोजण्याआधी ते काम ठरवायचं.

हे सगळं एका नमुन्यावर करून बघू. नमुना मनानं रचलेला आहे. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. अविनाश तिथं लेखनिक. मार्चअखेरीला कर्जखाती जुळवताना त्याला दिसतं की बरेच कर्जदार फक्त कागदावर आहेत. सगळी कर्जं एकाच सभेत मंजूर झालेली, जामीनदार एकमेकांचेच, तारणाचे सातबारे एकाच गटातले. चेअरमन म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ही मुख्य कथा. आणि सुनंदा ही पिग्मी एजंट. रोज दुपारनंतर बाजारपेठेत फिरून किराणावाला, सलूनवाला, भाजीवाल्या बाया यांच्याकडून पन्नास-शंभर रुपये गोळा करते, कार्डावर नोंद करते, संध्याकाळी भरणा करते आणि त्यावर कमिशन मिळवते. अविनाशला ती आवडते. इथपर्यंत कुणालाही सुचेल. खरं काम याच्यापुढे.

पहिली पायरी : दोन प्रश्न कागदावर लिहा

मुख्य कथेचा प्रश्न एका वाक्यात लिहा: अविनाश हा घोटाळा बाहेर काढेल का, आणि काढला तर गावाचे पैसे वाचतील का? त्याच्याखाली प्रेमाचा प्रश्न लिहा. बहुतेकांच्या हातून इथे उतरतं, ‘त्यांचं लग्न होईल का?’ आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला हात न लावता देता येतंय का ते बघा. येतंय. घोटाळा उघडा पडो न पडो, लग्न होऊ शकतं, मोडूही शकतं. म्हणजे या दोन स्वतंत्र गोष्टी एकाच पुठ्ठ्यात बांधल्या आहेत, आणि अशा वेळी वाचक लग्नाच्याच बाजूला जातो. कर्जखात्यांपेक्षा दोन माणसांचं जमणं कुणालाही जवळचं वाटणार, यात वाचकाचा दोष नाही.

मग प्रेमाचा प्रश्न मुख्य प्रश्नाच्याच मालमसाल्यातून घडवा. आपल्या नमुन्यात पतसंस्था चालते ती विश्वासावर. मग प्रेमाचा प्रश्न असा होतो: ज्याला खरं माहीत आहे आणि जो बोलत नाही, त्याच्यावर सुनंदा विश्वास ठेवेल का? आता पहिल्या प्रश्नाला हात लावल्याशिवाय याचं उत्तर निघत नाही.

दोन्ही प्रश्न टेबलासमोर चिकटवून ठेवा. वर्षभर लागतील.

दुसरी पायरी : तिचा एक दिवस, तो नसलेला

प्रेमातली दुसरी व्यक्ती (इथे सुनंदा, तुमच्या कादंबरीत कुणीही) नायकाच्या नजरेस पडण्याआधीपासून जगत असली पाहिजे. त्यासाठी एक दोन-तीन पानी टिपण लिहा, ज्यात नायक नाही. ते कादंबरीत जाणार नाही, त्यामुळे भाषा सजवू नका.

सुनंदा सकाळी काय करते? वडील एसटीतून निवृत्त, त्यांच्या फंडाची रक्कम याच संस्थेत ठेव म्हणून आहे. ठेवा असं तिनंच सांगितलं होतं, कारण ठेव आणली की एजंटाचा शब्द चालतो. बाजारात कोण तिला रोज पैसे देतो, कोण ‘उद्या ये’ म्हणतो, कोण पैसे देताना हात लांबवतो? पावसाळ्यात कोणाचा भरणा आधी तुटतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला काय हवंय? समजा, चेअरमननं तिला येत्या भरतीत कायम लेखनिक म्हणून घ्यायचा शब्द दिलाय. कमिशनवर फिरणं संपेल, खुर्ची मिळेल. ही साधी, रास्त इच्छा आहे, आणि ती अविनाशच्या वाटेत आडवी येते. एवढं सापडलं की टिपण थांबवलं तरी चालेल.

मराठीत याचं ठळक उदाहरण ‘मृत्युंजय’ (१९६७). कर्णाच्या कथेत शिवाजी सावंतांनी वृषालीला निवेदकाची जागा दिली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण यांच्या रांगेत ती आहे. पत्नी म्हणून ती कर्णाची कथा अडवत नाही, कारण तिच्या तोंडून कर्णाची अशी बाजू कळते जी दुर्योधनाला दिसणं शक्य नाही. प्रत्येक कादंबरीत निवेदन वाटून द्यावं असं नाही. पण तुमची सुनंदा निवेदन करू लागली तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही आहे का, हे विचारून बघा. नसेल तर पुन्हा टिपणाकडे.

रूपाचं वर्णन या टिपणातही नको आणि पहिल्या भेटीतही नको. टपोरे डोळे आणि चुकार बट यांनी मराठी वाचक आता हलत नाही. पिग्मीच्या पैशांची बोटांवर थुंकी न लावता झरझर मोजणी करणारी मुलगी त्याला लक्षात राहते.

तिसरी पायरी : गाठ, आणि तीच आधी लिहा

गाठ म्हणजे अशी एक जागा जिथे मुख्य कथेत योग्य ते करायचं तर प्रेमाचं नुकसान होतं, आणि प्रेम सांभाळायचं तर मुख्य कथेत गुन्हा घडतो. ही जागा नसलेलं प्रेम कितीही गोड लिहा, ते शोभेपुरतंच राहतं. सगळ्या कृतीत मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवायला सांगेन.

नमुन्यात गाठ बांधून बघू. अविनाशनं तोंड उघडलं की ठेवीदारांची रांग लागणार आणि संस्थेचे व्यवहार थांबणार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं जे कवच असतं ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, हे इथे कामाला येतं. तपशील कोरडा दिसतो, पण कथेतली भीती त्यातूनच येते. पैसे बुडाले की लोक कुणाकडे जातील? चेअरमनच्या बंगल्यावर जायची हिंमत किती जणांत असते? ते जातील सुनंदाच्या दारात, कारण रोज हात पुढे केलेला तिनं. कार्डावर सही तिची. शिवाय वडिलांचा फंड आत अडकलेला.

आणि अविनाश गप्प बसला तर? सुनंदा उद्याही फिरणार, परवाही फिरणार, आणि प्रत्येक संध्याकाळी आणखी काही हजार रुपये त्याच खड्ड्यात टाकणार. त्याच्या गप्पपणाचा एकेक दिवस तिच्या पायांनी चालतो. तिला एकटीला सांगावं म्हटलं तर ती आधी वडिलांची ठेव काढायला येणार, मुदतीआधी एवढी रक्कम का काढली म्हणून बोभाटा होणार, आणि पुरावे जागेवर राहणार नाहीत.

अशी गाठ बसली की लेखकाला फार काही रंगवावं लागत नाही. गाठीचा प्रसंग सगळ्यात आधी लिहून काढा, पहिल्या भेटीच्याही आधी. मग मागे येऊन स्वतःला विचारा: हा प्रसंग वाचकाला लागावा म्हणून आधी काय काय कळलेलं असायला हवं? सुनंदाच्या वडिलांची ठेव. कायम नोकरीचा शब्द. बाजारातल्या माणसांचा तिच्यावरचा विश्वास. आणि अविनाशचं तिच्याकडे ओढलं जाणं. चारच गोष्टी. प्रेमाचे आधीचे प्रसंग तेवढ्यासाठी लिहायचे. पाचवा सुचला तर तो वहीत राहू द्या.

ही रचना आपल्याकडे जुनी आहे. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९०च्या सुमाराला ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिचा विषय बायकांचे, विशेषतः विधवांचे हाल. तरी मधला मोठा भाग यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव यांच्या सुखाच्या संसाराचा आहे. तो तिला शिकवतो, मुंबईला नेतो. आजच्या एखाद्या संपादकानं तो भाग लांबला म्हणून कापायला सांगितला असता. पण हे सुख जितकं खरं वाटतं तितकं पुढचं वैधव्य आणि केशवपन वाचवत नाही. इथे प्रेमाला पानं भरपूर आहेत आणि मुख्य कथा एका इंचानं मागे हटत नाही, कारण त्या पानांची वसुली पुढे होते.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त (१९६२) गाठ उलट बाजूनं बसलीय. सोळाव्या वर्षी, १७६१ साली पेशवाई अंगावर आलेला माधवराव, पानिपतानंतरचं कर्ज, घरात राघोबादादांचं राजकारण, दक्षिणेत हैदरावरच्या मोहिमा, आणि क्षय. रमाबाईंच्या वाट्याला यातून उरतील तेवढेच क्षण येतात. राज्यकारभार प्रेमातून वेळ कापून घेतो, आणि ते कापलेपण वाचकाला राज्याची किंमत सांगतं. त्याच जोडप्याला शीर्षकात आणून २०१४ साली ‘रमा माधव’ हा चित्रपट निघाला. इतिहास तोच, पण नाव वाचूनच प्रेक्षकाला कळतं की इथे पुढे कोण बसणार आहे. दोन्ही चालतं, तुम्ही कुठलं लिहिताय हे तुम्हाला माहीत हवं.

चौथी पायरी : चिठ्ठ्या आणि दोन रंग

हे यांत्रिक काम आहे, पटकन उरकतं. प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर एका ओळीत लिहा. मुख्य कथा पुढे जात असेल तिथे निळी खूण, प्रेम पुढे जात असेल तिथे तांबडी. चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. नुसत्या तांबड्या चिठ्ठ्या एका मध्यम कादंबरीत दोनाहून अधिक असू नयेत, हा माझा अंदाजपंचे नियम. दोन नुसत्या तांबड्या शेजारीशेजारी तर नकोतच. दोन्ही रंगांच्या चिठ्ठ्या कितीही असू द्या.

पहिली तांबडी खूण पहिल्या निळ्या धक्क्यानंतर यावी. अविनाशला खोटं खातं सापडण्याआधी सुनंदाशी त्याची ओळख रंगवलीत, तर वाचक प्रेमकथा वाचायच्या तयारीनं बसतो आणि कर्जखाती आली की कंटाळतो. सुनंदा आधी दिसायला हरकत नाही. काउंटरवर भरणा करणारी एजंट म्हणून दिसू द्या.

पाचवी पायरी : प्रसंग लिहिणं

दोघं भेटतात कुठे? तालुक्याच्या गावात कॉफी शॉप असेलही, पण या दोघांचं खरं भेटणं काउंटरच्या काचेतून, झेरॉक्सच्या दुकानात, एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत होणार. समजा रसवंती घेतली. पहिल्या खर्ड्यात साधारण असं उतरतं:

‘घुंगरांचा आवाज येत होता. सुनंदानं ग्लास ओठांना लावला. अविनाश बघत राहिला. “काय बघतोस?” ती म्हणाली. “काही नाही.” ती लाजली. हा क्षण संपूच नये असं त्याला वाटलं.’

यात चूक अशी काही नाही. पण हा उतारा कुठल्याही कादंबरीत बसतो, म्हणजेच या कादंबरीचा नाही. यातून निळं काहीच पुढे जात नाही. आता तोच प्रसंग, तीच रसवंती:

‘सुनंदानं पर्समधून दोनशेची नोट काढून त्याच्यापुढे ठेवली.

“माझं पण खातं उघडा. लोकांचं गोळा करते, स्वतःचं एक नाही.”

“आज नको. आज मशीन बंद आहे.”

“सकाळी तर मी ते चालू बघितलं.”

अविनाशनं ग्लास उचलला. रसात बर्फ जास्त झाला होता.

“मग दुपारनंतर बंद पडलं असेल,” सुनंदा म्हणाली, आणि नोट परत ठेवली. भरण्याच्या कप्प्यात नाही, दुसऱ्या.’

दुसऱ्या उताऱ्यात प्रेमाचा शब्द नाही. तरी तो तिच्यासाठी खोटं बोललाय, वाईट बोललाय, आणि ते तिला कळलंय. तिची दोनशे रुपयांची नोट त्यानं वाचवली. बाजारातल्या शंभर माणसांच्या नोटा तो वाचवत नाहीये. वाचकाच्या डोक्यात हा हिशोब आपोआप सुरू होतो. प्रेम आणि घोटाळा एकाच नोटेवर आले.

असं लिहायला एक सोपी रीत आहे. संवादाचा उघड विषय नेहमी मुख्य कथेतला ठेवा: मशीन, भरणा, सही, सुट्टी, एजंटांची बैठक. ओढ त्याच्या खालून जाऊ द्या. दोघांनी एकमेकांविषयी बोलायचंच असेल तर एकदाच, आणि ते गाठीच्या प्रसंगात.

मराठीनं दिलेली आणखी एक सोय वापरा. वरच्या दोन उताऱ्यांत सुनंदा आधी ‘बघतोस’ म्हणते, नंतर ‘उघडा’. ऑफिसात ती त्याला अहोजाहोच करणार. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर ती कधी येते, चारचौघांत पुन्हा ‘तुम्ही’ कधी होते, रागाच्या भरात कुठलं तोंडून जातं, एवढ्यावर प्रेमाच्या निम्म्या पायऱ्या दाखवता येतात आणि त्यासाठी वेगळं एक वाक्यही खर्चावं लागत नाही. फक्त हस्तलिखितात ते बदल एकदा शोधून तपासा. निष्काळजीपणे बदललेलं संबोधन वाचक पकडतो.

सहावी पायरी : कोण बघतंय?

आपल्याकडे प्रेम दोघांपुरतं राहत नाही, आणि लेखकाच्या दृष्टीनं ही चैनच आहे. रसवंतीत बसलेले दोघं संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेला माहीत होतात. ही कुजबुज मुख्य कथेत सोडा. चेअरमनच्या कानावर गेलं की त्याच्या हातात हत्यार आलं: ‘पोरीसाठी संस्था बदनाम करतोय’ ही ओळ वार्षिक सभेत कुणाकडूनही उठवता येते. सहायक निबंधकांच्या कार्यालयात दिलेल्या तक्रारीची धारच बोथट होते. म्हणजे प्रेम मुख्य कथेला आतूनही अडवतं आणि बाहेरूनही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) हे अगदी थोडक्यात झालंय. कारभाऱ्याची मुलगी अंजी शाळेच्या मास्तरांना चोळी शिवून आणायला सांगते. प्रेम म्हणावं की नाही अशी ती गोष्ट. पण त्या चोळीपायी कारभारी आणि मास्तर यांच्यात गैरसमज होतो, आणि वस्तीत परक्या मास्तराचं स्थान किती नाजूक आहे ते कळतं. माडगूळकर तिथे रेंगाळत नाहीत. शाळा, तालीम आणि शेवटचा दुष्काळ यांना त्यांनी जागा राखून ठेवलीय.

इथे एक धोका सांगायला हवा. जात. दोघांची जात वेगळी दाखवलीत की ते उपकथानक राहील अशी आशा सोडा. आंतरजातीय प्रेम आपल्या समाजात एवढा मोठा प्रश्न आहे की ते कोपऱ्यात बसत नाही. बसवलंत तर कादंबरी खोटी होते. ‘फँड्री’त प्रेम मागे राहू शकलं, कारण जात हीच मुख्य कथा होती. तुमची मुख्य कथा जर पतसंस्थेची असेल, तर एकतर जात आणि घोटाळा यांचा संबंध शोधा (कर्ज कुणाला मिळतं, जामीन कुणाला राहता येतं, संचालक मंडळात कोण असतं; शोधायला फार लांब जावं लागणार नाही), नाहीतर हा अडथळा केवळ चव यावी म्हणून घालू नका.

सातवी पायरी : भाषेची नाडी

हस्तलिखितातले सगळे तांबडे प्रसंग सलग वाचा, मोठ्यानं. तिथे पाऊस जास्त पडतो का? विशेषणं वाढतात का? वाक्यं तीन टिंबांत संपतात का? मुख्य कथा रोखठोक आणि प्रेम मात्र भावगीतात, असं झालं की वाचकाला दोन लेखक ऐकू येतात. पतसंस्थेचं ठरावपुस्तक ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं रसवंती लिहा. गंमत, चेष्टा यांना मात्र मोकळीक द्या. प्रेमात माणसं विनोदी वागतात आणि घोटाळ्याच्या कथेला हवा लागतेच.

आठवी पायरी : तरीही प्रेम वाढलं तर

वाढतं. लिहिता लिहिता सुनंदा अविनाशपेक्षा जिवंत होते. खूण अशी: तुम्ही सकाळी लिहायला बसता आणि निळ्या चिठ्ठ्या पुढे ढकलता. दुसरी खूण वाचकाकडून मिळते. ज्याला विषय माहीत नाही अशा एकाला निम्मं हस्तलिखित द्या आणि फक्त विचारा, पुढे काय होईल याची उत्सुकता कशाबद्दल वाटते? मत विचारू नका. मत गोड असतं.

उत्तर ‘त्या दोघांचं’ असं आलं तर लगेच कात्री उचलू नका. आधी बघा, गाठ सैल आहे का? बहुधा असते. गाठ घट्ट करा, म्हणजे दोघांची उत्सुकता संस्थेच्या उत्सुकतेला बांधली जाते. गाठ घट्ट असूनही प्रेमच पुढे येत असेल, तर कदाचित तुमची कादंबरी तीच आहे. विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’ (१९३९) लिहिलं ते युद्धाच्या उंबरठ्यावर. युरोपातून निघालेली बोट, ज्यू निर्वासित, वंशद्वेष, सगळं आहे. पण पुढे आहेत चक्रधर आणि हॅर्टा, आणि युद्ध त्यांच्या पाठीशी उभं आहे. युद्धाची कादंबरी लिहायची म्हणून बेडेकरांनी हॅर्टाला मागे ढकललं असतं तर मराठी साहित्याचं नुकसान झालं असतं. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तही (२००४) आणीबाणी मागेच आहे, पुढे आहेत मुकुंदा आणि शिरोडकर. त्या कादंबऱ्यांना आपण काय आहोत याची लाज नाही.

तुम्हाला दोन्हीपैकी एक निवडावं लागेल. निवडलं की पहिल्या पायरीतले दोन प्रश्न जागा बदलतात आणि चिठ्ठ्या पुन्हा मांडायच्या. कंटाळवाणं आहे. पण दोन अर्ध्या कादंबऱ्या एकत्र छापण्यापेक्षा बरं.

शेवटची पायरी : आधी कोण संपतं?

मुख्य कथेचा कळस आणि प्रेमाचा कळस एकाच पानावर आणायचा मोह आवरा. दोन टाळ्या एकदम वाजल्या की मोठी टाळी प्रेमाची वाजते. प्रेमाचा निर्णय थोडा आधी होऊ द्या, म्हणजे मुख्य कथेचा शेवट त्या निर्णयाची किंमत मोजून येईल. नमुन्यात: अविनाश तक्रार देण्याच्या आदल्या दिवशी सुनंदाला सांगतो. ती काय करते? बाजारात जाऊन गोळा करणं थांबवते. काही न बोलता. वडिलांची ठेव काढत नाही. त्या एका दिवसाच्या न फिरण्यानं बाजाराला संशय येतो आणि रांग लागते. म्हणजे मुख्य कथेचा शेवट घडवणारी कृती प्रेमातल्या माणसाच्या हातून होते, आणि तरी ती प्रेमाची कृती म्हणून मिरवत नाही.

नायकाला पेटवायला तिला मारू नका, पळवू नका, तिच्यावर अत्याचार दाखवू नका. मराठी चित्रपटांनी हा रस्ता इतका वापरलाय की वाचकाला तो लांबूनच दिसतो, आणि त्यात दुसऱ्या पायरीतलं सगळं टिपण वाया जातं.

उरलं लग्न. संस्थेवर प्रशासक येतो, चौकशी सुरू होते, ठेवीदारांना किती आणि कधी मिळणार ते धूसरच राहतं. अशा चौकशा वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा सगळे पैसे परत मिळाल्याचा शेवट करू नका. यात त्या दोघांचं लग्न झालं का हे वाचकाला सांगायचंच असेल, तर ते चौकशीच्या प्रकरणात कुठेतरी आडवाक्यात सांगून टाका: सुनंदाच्या जबाबावर नाव लिहिताना कारकुनानं आडनाव कुठलं लावायचं ते विचारलं आणि तिनं जुनंच सांगितलं, कारण कार्डांवर तेच होतं. मग पुढच्या साक्षीदाराला बोलवा.